मुलगा जाड, मुलगी बारीक, स्वयंपाकघर एकच

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ९ वर्षांचा, उंची १३४ सें.मी., वजन ४१ किलो. मुलगी ६ वर्षांची, अगदी बारीक, दोन घास खाऊन उठते. आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलांना सासूबाई सांभाळतात. मुलाला दोन महिने डाएटवर ठेवलं. भात, बटाटा, तूप, गोड सगळं बंद. वजन तर उतरलं नाहीच, उलट परवा त्याच्या दप्तरात बिस्किटांचे कागद सापडले. थायरॉईड तपासावं का? आमच्याकडे सगळेच अंगाने भरलेले आहेत, म्हणजे हे आनुवंशिकच ना? आणि एकाच घरात एक जाड, एक बारीक असं कसं होतं?

उत्तर:

आधी त्या कागदांबद्दल बोलू, कारण मला वजनापेक्षा त्यांची जास्त काळजी वाटते.

पिंपरी-चिंचवडमध्ये मी २६ वर्षं मुलं तपासतोय. असे कागद मी उशीच्या अभ्र्यात सापडल्याचं ऐकलंय, कंपासपेटीत ऐकलंय, गॅलरीतल्या कुंडीत पुरलेले ऐकलेत. दर वेळी आईवडील म्हणतात, "आमचा मुलगा खोटं बोलायला लागलाय." तो खोटारडा झालेला नसतो. घरात त्याच्या एकट्याच्या ताटावर सगळ्यांची नजर असते, बहिणीच्या भातावर तूप पडत असतं आणि त्याच्या वाटीत काकडी असते. नऊ वर्षांच्या पोराने यातून काढलेला अर्थ सरळ आहे: माझं खाणं वाईट आहे, ते कुणाला दिसता कामा नये. मुलांवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलंय की समोर दिसणारा पण मनाई केलेला खाऊ मुलांना आधीपेक्षा जास्त हवासा होतो, आणि संधी मिळताच ती भूक नसतानाही तो खातात.

तेव्हा आजच त्याला जवळ घेऊन सांगा, "तुझ्या एकट्यावर नियम लावले ते आमचं चुकलं. आजपासून घरात कुणाचंच डाएट नाही." दप्तर तपासणं बंद करा. हे वाक्य खरं ठरवायचं तर मात्र तुम्हा सगळ्यांना बरंच काही बदलावं लागणार आहे.

आता आकडे. ४१ किलोला उंचीच्या मीटरमधल्या वर्गाने भागलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, येतो सुमारे २२.८. मोठ्या माणसाचा असता तर कुणी विशेष लक्ष दिलं नसतं, पण मुलांचा बीएमआय वयानुसार वेगळ्या तक्त्यावर बघायचा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे आयएपीचे, ५ ते १८ वर्षांसाठीचे तक्ते २०१५ साली आले. त्यात दोन रेषा आहेत. मोठेपणी २३ बीएमआय होईल अशा मुलाची एक, तिच्यावर वजन जास्त; आणि २७ होईल अशा मुलाची दुसरी, तिच्यावर लठ्ठपणा. आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो म्हणून या रेषा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खाली धरल्यात. तुमचा मुलगा दुसऱ्या रेषेच्याही वर आहे. म्हणजे "बाळसं आहे, उंची वाढली की उतरेल" असं म्हणून सोडून देण्याची ही वेळ नाही.

थायरॉईडचं. हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा येतो. थायरॉईड किंवा दुसऱ्या एखाद्या ग्रंथीच्या दोषामुळे वजन वाढत असेल, तर बहुतेक वेळा मुलाची उंची आधी अडते. वर्गातल्या मुलांपेक्षा ते बुटकं राहतं, सुस्त होतं, थंडी सोसत नाही. तुमच्या मुलाची उंची वयाला चांगली आहे. खाऊनपिऊन वाढलेल्या वजनात उंचीही जरा पुढेच असते. तपासणीला माझी ना नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा जरूर करा, पण रिपोर्टमध्ये दोष सापडेल आणि गोळीने प्रश्न सुटेल अशी आशा धरून बसू नका.

आनुवंशिकतेचं तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या माणसांचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. मोठेपणी त्यांची अंगकाठी सांभाळणाऱ्या आईवडिलांपेक्षा जन्मदात्यांशी जास्त जुळली. म्हणजे रक्ताचा वाटा मोठाच आहे. पण जनुकं एका पिढीत बदलत नाहीत, आणि तुमच्या सासऱ्यांचे नऊ वर्षांचे असतानाचे फोटो बघा. त्याच रक्ताची ती मुलं काडीसारखी दिसतील. शाळेला चालत जाणं, विहिरीचं पाणी, संध्याकाळी अंधार पडेपर्यंत मैदान, तेल मोजून, गोड सणासुदीला. जनुकांत भूक जास्त होतीच, पण ती भागवायला घरात काही पडलेलं नसायचं.

बहीण-भावातला फरकही इथेच उलगडतो. पोट भरल्याची घंटा प्रत्येकाची वेगळ्या वेळी वाजते. तुमच्या मुलाची उशिरा वाजते, मुलीची लवकर. हा जन्मजात फरक आहे, त्यात कुणाचं कर्तृत्व नाही की कुणाचा दोष. घरात खाऊ हाताशी असला, वाढणारं माणूस आग्रही असलं आणि टीव्ही चालू असला, की उशिरा घंटा वाजणाऱ्या मुलावर त्याचा पुरेपूर परिणाम होतो. मुलीवर तोच आग्रह उलटा पडतो. ती तोंड घट्ट मिटते.

पुण्यात बसून या विषयावर लिहिताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं मोजली आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ तेवढीच टिकलेली. दिसायला बारीक, आतून चरबीचं. त्याच रुग्णालयातल्या १९९९ सालच्या दुसऱ्या अभ्यासात असं आढळलं की जन्मतः लहान असलेली आणि आठव्या वर्षी अंगाने भरलेली मुलं इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या संप्रेरकाला, सर्वांत कमी दाद देतात. हा अभ्यास वाचल्यापासून मी प्रत्येक मुलाच्या फाईलवर जन्माचं वजन ठळक लिहायला लागलो. तुमचा मुलगा जन्मतः अडीच किलोच्या आत होता का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. अशा मुलाला "अशक्त जन्मलाय, भरव त्याला" म्हणून पहिल्या पाच वर्षांत सर्वांत जास्त भरवलं जातं.

आता घरात येऊ. "काय खातो?" हा प्रश्न मी फारसा विचारतच नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं: "काही विशेष नाही हो डॉक्टर, आपलं घरचंच." मी घड्याळ विचारतो. शाळेतून किती वाजता येतो, तेव्हा दार कोण उघडतं, आई कधी येते, बाबा कधी, जेवायला कोण कुणाबरोबर बसतं. तुमच्यासारख्या घरांत, जिथे दोघं नोकरीला आणि आजी घरी, तिथे जवळपास ठरल्यासारखी एक गोष्ट निघते. मूल रात्री दोनदा जेवतं.

परवाचंच उदाहरण. माझ्यासमोर आई, आजी आणि दहा वर्षांचा मुलगा. आजी म्हणाल्या, "साडेसातला मी त्याला गरम गरम दोन पोळ्या, भाजी, वरण-भात घालते, उपाशी कशाला ठेवू?" आई म्हणाली, "पण तो तर आमच्याबरोबर जेवतो, पावणेदहाला." दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलगा खाली बघत चपलेने फरशी घासत होता. त्याला भूक दोन्ही वेळेला नव्हती. साडेसातला आजीचं मन राखायचं होतं, आणि पावणेदहाला दिवसभर न दिसलेल्या बाबांच्या मांडीला मांडी लावून बसायचं होतं. बाबांच्या ताटातला घास हा त्याच्या दिवसातला सर्वांत गोड घास होता. अशा मुलाला मी कोणत्या तोंडाने सांगू की रात्रीचं जेवू नकोस?

त्या घरात एकच बदल केला. जेवण सव्वाआठला, एकदाच, आणि आठवड्यातले निदान चार दिवस बाबा त्या वेळेला घरी. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी बाबा जेवताना मुलगा शेजारी बसणार, गप्पा मारणार, पण त्याच्यापुढे ताट नसेल. हवं तर ताकाचा पेला. तुमच्या घरातही असंच होतं का, हे सासूबाईंना आणि नवऱ्याला एकत्र बसवून विचारा. वेगवेगळं विचारलंत तर उत्तर सापडणार नाही.

सासूबाईंबद्दल. "आजी ऐकतच नाहीत" ही तक्रार घेऊन येणाऱ्या सुनांना मी एक हिशेब करायला सांगतो. आजी आज बासष्टच्या आसपास असतील तर १९७२ च्या दुष्काळात त्यांचं वय तुमच्या मुलाएवढंच होतं. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आणि रांगेत उभं राहून मिळालेली सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेलं कोरडं पौष्टिक पीठ, ज्यांनी खाल्ली किंवा घरात त्याच गोष्टी ऐकत जे वाढले, त्यांना ताटात उरलेला भात पाहवत नाही, आणि पोराची हनुवटी वर आलेली दिसली की जीव भांड्यात पडत नाही. 'खात्यापित्या घरचा' हे त्यांच्या दृष्टीने आयुष्यभराच्या कष्टाचं प्रशस्तिपत्र आहे. त्यांना कॅलरी समजावू नका. त्यांना काम बदलून द्या. नातवाला खाऊ घालण्याचा आनंद त्यांच्याकडून काढून घेतलात तर त्या दाराआडून घालतील. त्यापेक्षा म्हणा, "आई, चार वाजता तुम्ही त्याला थालीपीठ लावून द्या, तुमच्या हातचंच खातो तो." शाळेतून आल्यावरची ती वेळ घरातली सर्वांत धोक्याची असते. मूल खरंच भुकेलेलं असतं आणि बिस्किटाचा डबा उघडायला दहा सेकंद लागतात. थालीपीठ, मोड आलेल्या मटकीची उसळ, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, उकडलेलं अंडं, मुगाचं धिरडं यातलं काहीही तिथे तयार असेल तर निम्मी लढाई तिथेच संपते. ती लढाई आजीच जिंकून देऊ शकतात. तुम्ही आणि मी नाही.

आग्रहाचा मुद्दा मात्र त्यांच्याशी, आणि स्वतःशीही, स्पष्ट बोलायला हवा. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचं माप आहे. पंगतीत जिलेबी घेऊन फिरणारा यजमान, "एवढी एक पोळी, माझ्यासाठी", "ताटात टाकलंस तर अन्नाचा अपमान". लहान बाळाला चिऊचा घास, काऊचा घास भरवतानाही शेवटचे चार घास पोटासाठी नसतात, वाटी संपवण्यासाठी असतात. वर्षानुवर्षं असं झालं की मूल पोटाकडे लक्ष द्यायचं सोडून वाटीकडे लक्ष द्यायला शिकतं. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग आहे. तीन वर्षांच्या मुलांपुढे लहान वाढप ठेवलं काय किंवा मोठं ठेवलं काय, ती भुकेपुरतंच खात होती. पाच वर्षांची मुलं मोठं वाढप दिसलं की जास्त खात होती. दोन वर्षांत आतली घंटा मंद झाली आणि बाहेरचं ताट मोठं झालं. ती घंटा पुन्हा ऐकू यायला लागते, पण त्यासाठी वाढणाऱ्याने हात आखडता घ्यावा लागतो.

कामाची वाटणी अशी ठेवा. काय शिजणार, किती वाजता आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, किंवा खायचं की नाही, हे मुलाने ठरवायचं. मोठ्यांच्या हद्दीत मुलाची लुडबुड नको. म्हणजे बटाटावडा मागितला म्हणून भाजी रद्द नाही. आणि मुलाच्या हद्दीत मोठ्यांची लुडबुड नको. म्हणजे "आता पुरे, तुला नाही शोभत" हेही नाही आणि "अजून एक घे" हेही नाही. मुलाने दुसऱ्यांदा भात मागितला तर वाढा. हे ऐकून आईच्या पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. पहिले दोन-तीन आठवडे तो जास्तच खाईल, कारण हे पुन्हा बंद होईल अशी त्याला भीती असते. भीती गेली की हात आपोआप थांबतो. ताटाची सुरुवात भाजी, कोशिंबीर, उसळीने करा, ताट-वाटी लहान घ्या, आणि पातेलं टेबलावर न आणता ओट्यावर ठेवा. उठून वाढून घ्यायला लागतं तेव्हा खरी भूक आणि नुसता हात यातला फरक त्याचा त्यालाच कळतो.

जेवताना पडदा बंद. टीव्हीही आणि मोबाईलही, मुलांचाही आणि बाबांचाही. यात मी तडजोड करत नाही. मोबाईल दाखवून भरवलेली मुलगी आणि कार्टून बघत चार पोळ्या खाल्लेला मुलगा, दोघांनाही आपण काय खाल्लं ते आठवत नाही.

मग फडताळ. घरी जाऊन नऊ वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून स्वयंपाकघराकडे बघा, म्हणजे गुडघ्यावर उभ्या राहा. त्याच्या नजरेच्या रेषेत काय आहे? बहुतेक घरांत फरसाण, खारी, बिस्किटं पारदर्शक बरण्यांत समोर असतात आणि फळं फ्रिजच्या खालच्या खणात पिशवीत गाठ मारून. हे उलटं करा. केळी, पेरू, चिकू, उकडलेल्या शेंगा टेबलावर उघड्या. फरसाण आणायचंच तर रविवारी सगळ्यांनी मिळून खाण्यापुरतं, संपेल एवढंच. कुलूप लावू नका. कुलूप म्हणजे पुन्हा दप्तर. घरात नसलेल्या वस्तूला कुलूप लागत नाही. आणि त्याच्यासाठी बंद, पण बाबा रात्री मॅचबरोबर चिवडा खातात, असं असेल तर यातलं काहीही करू नका. ते अन्यायाचं होईल आणि मुलाला ते पहिल्या दिवशी कळेल.

तेलाचा हिशेब स्वतः करा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम तेल झालं, म्हणजे ३४० कॅलरी. यात तूप, शेंगदाणे, खोबरं, बाहेरचं खाणं धरलेलं नाही. ७ ते ९ वर्षांच्या मुलाची दिवसाची सरासरी गरज राष्ट्रीय पोषण संस्थेने सुमारे १७०० कॅलरी धरली आहे. म्हणजे पाचवा हिस्सा नुसत्या फोडणीत. महिन्याला माणशी अर्धा लिटर हे उद्दिष्ट ठेवा. दोन महिने लागतील, पण भाजीची चव जात नाही. तूप मात्र पोराच्या वरण-भातावर चमचाभर परत घाला. घरभर सगळ्यांना जेवढं, तेवढंच त्याला. एका चमच्याने कुणी जाड होत नाही, आणि "तुझंही आमच्यासारखंच" हे तो चमचा जेवढं सांगतो तेवढं कुठलंही भाषण सांगू शकत नाही.

पिण्याचं बोलायचं राहायला नको, कारण आया खाण्याचा हिशेब ठेवतात आणि पेल्याचा विसरतात. आंब्याचं पाकीटबंद पेय घ्या आणि मागचं वाचा. १०० मिलीत साधारण १२ ते १४ ग्रॅम साखर असते. २०० मिलीचा डबा म्हणजे पाच-सहा चमचे साखर. दुधात घालायच्या 'शक्तिवर्धक' पावडरींतही साखर भरपूर असते, वर आपण आणखी चमचाभर घालतो. अशा पावडरींना 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, असं केंद्र सरकारला एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाईन दुकानदारांना सांगावं लागलं. साधं दूध द्या, गोडी कमी करत न्या. फळाचा रस कितीही ताजा असला तरी फळ चावून खाण्याची सर त्याला नाही. आयएपीच्या २०१९ सालच्या शिफारशींत तर दोन वर्षांखाली रस नकोच आणि पाच वर्षांच्या वर अगदीच द्यायचा तर दिवसाला एक कप इतकीच मुभा आहे. त्याच शिफारशींत पाच वर्षांखालच्या मुलांना चहा-कॉफी नको म्हटलंय, ५ ते ९ वयात फार तर अर्धा कप. सकाळी सहाला चहात सहा बिस्किटं बुडवून शाळेच्या व्हॅनमध्ये बसणारी मुलं मी रोज बघतो. ती नाश्त्याच्या वेळी भुकेली नसतात आणि साडेदहाला मात्र काहीही खायला तयार असतात.

दाराबाहेरचं तुमच्या हातात कमी आहे, तरी थोडं आहे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०१७ सालीच शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडला मनाई केली होती. पालकसभेत हा विषय काढायला एक आई पुरते, दोन असतील तर मुख्याध्यापक ऐकतात. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटांऐवजी पेन्सिली वाटायच्या, हे ठरवायला तर नियमही लागत नाही.

खेळाचं मला जास्त वाईट वाटतं. पूर्वी मी म्हणायचो, "संध्याकाळी खाली खेळायला पाठवा." आता सोसायटीत खाली गाड्या आणि भिंतीवर 'बॉल खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी. त्यात पाच ते सात शिकवणी. मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याला पळायला जागा कुठे आहे ते दाखवा. जागतिक आरोग्य संघटना ५ वर्षांच्या वरच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल सांगते. ती महागड्या अकॅडमीतच व्हायला हवी असं नाही. जाड मुलांना संघाच्या खेळात शेवटी निवडतात, तो अपमान टाळायचा तर पोहणं, सायकल, डोंगर चढणं, नाहीतर बाबांबरोबर भाजी आणायला चालत जाणं यातून सुरुवात करा. सोसायटीच्या सभेत बसून ती पाटी काढायला लावणं हेसुद्धा माझ्या मते वैद्यकीय उपचारातच मोडतं.

आणि झोप. या वयाच्या मुलाला ९ ते १२ तास लागतात. पावणेदहाला जेवण, साडेअकराला झोप, सहाला उठणं, हे साडेसहा तास झाले. झोप अपुरी पडली की भूक वाढते, आणि ती पोळीभाजीची नसते, गोड-तळलेल्याची असते. वर म्हटल्याप्रमाणे जेवण लवकर झालं की झोप आपोआप सुधारते, म्हणून मी सुरुवात नेहमी तिथून करतो.

घरात कुणीही त्याला जाड्या, ढोल्या, गोलू म्हणणार नाही. काका-मामांनी म्हटलं तरी तुम्ही तिथल्या तिथे, मुलाच्या देखत थांबवायचं. टोमण्यांनी वजन उतरत नाही, वाढतं. अभ्यासांतही तेच दिसलंय आणि माझ्या समोरच्या खुर्चीतही मी तेच बघतो. वजनकाट्यावर उभं केलं की पोट आत ओढून आईच्या चेहऱ्याकडे बघणारी पोरं आहेत माझ्याकडे. हल्ली मी आकडा मोठ्याने वाचत नाही.

मुलीचं. तिचं वजन-उंची तुम्ही लिहिलेली नाही. ती तक्त्यावर आपल्या रेषेने सरकत असेल, खेळती असेल, वारंवार आजारी पडत नसेल, तर ती बारीक आहे, आजारी नाही. तिचं हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या, जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या, आणि मग तिच्या मागे वाटी घेऊन धावणं सोडा. दुधाचे पेले कमी केले तर तिची जेवणाची भूक वाढेल. नवी भाजी तिने एकदा नाकारली म्हणजे तिला ती आवडत नाही असं नाही. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, जबरदस्ती न करता चमचाभर पानात पडली की बरीच मुलं ती खायला लागतात. तिला जाड करायला म्हणून आणलेला खाऊ घरात येतो आणि तो भाऊ खातो, हेही लक्षात घ्या. दोघांसाठी एकच स्वयंपाक, एकच वेळ, एकच नियम. वेगळं ताट कुणालाच नाही.

वर्षभरात काय अपेक्षा धरायची? वजन उतरवायचं नाही. नऊ वर्षांच्या मुलाची उंची वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढते. वर्षभरात तो १४० सें.मी. झाला आणि वजन ४१ वरच राहिलं, तर बीएमआय २२.८ वरून २०.९ वर येतो. एक किलोही न उतरवता. ते अगदी जमलं नाही आणि दोन किलो वाढले तरी मी त्याला अपयश म्हणणार नाही. आधी वर्षाला सहा वाढत असतील तर दोन ही मोठीच सुधारणा आहे. काटा महिन्यातून एकदा पुरे, घरात नसला तर उत्तम.

मात्र काही गोष्टींसाठी थांबू नका. मानेवर, काखेत मळासारखा काळपट, मखमली पट्टा दिसतो का पाहा. तो घासून जात नाही, आणि इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. झोपेत जोरात घोरणं आणि मधेच श्वास अडखळणं, सतत डोकेदुखी, लंगडणं किंवा गुडघा-मांडी दुखणं, उंचीची वाढ थांबणं, यातलं काहीही असेल तर लवकर दाखवा. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरतो का हे टेपने मोजा. तुमच्या मुलासाठी ती हद्द ६७ सें.मी. आहे. जास्त भरला तर रक्तदाब, साखर, चरबी, यकृत यांची तपासणी डॉक्टर सांगतील, आणि ती करून घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही मुलांना न्या, दोघांचंही वजन-उंची होऊ द्या, म्हणजे तपासायला आणलंय ते आपल्याला एकट्याला असं त्याला वाटणार नाही. सासूबाईंना आणि नवऱ्याला बरोबर घ्या. मुलाने काय काय खाल्लं याची वही आणू नका. गेल्या महिन्याची किराणाची यादी आणा, आणि रात्रीचं जेवण रोज किती वाजता झालं ते कॅलेंडरवर लिहून आणा.